बावीस की सतरा

बुधवारी संध्याकाळी साडेसातला, केर्न फ्लॅट गावच्या रायफल क्लबात आयव्हर डॅलग्लिशने झाडलेली एक गोळी त्याच्या बायकोच्या, रोनाच्या, कार्डात लागली.

कोणाला इजा झाली नाही आणि होण्याचे कारणही नव्हते. नवराबायको शेजारशेजारच्या चटयांवर पालथे पडले होते. समोर पंचवीस यार्डांवर दोघांची कार्डे हातभर अंतराने लावलेली, मागे लोखंडी पाटी आणि वाळू. प्रत्येक कार्डावर दहा वर्तुळे असतात आणि एका वर्तुळात एकच गोळी मारायची असते, मधोमध लागली तर दहा गुण. आयव्हरच्या पलीकडच्या चटईवर मी होतो. नेमबाजी थांबल्यावर बेरिल कार्डे काढून आणायला गेली. गुण तीच लावते. परत येताना ती रोनाचे कार्ड दिव्यासमोर धरून चालत होती.

"दहा वर्तुळं, अकरा भोकं," ती म्हणाली. "रोना, तुझं कार्ड व्यालंय."

"माझीच आहे ती," रोना म्हणाली. "एका वर्तुळावर दोनदा मारली."

"तू? इतक्या वर्षांत पहिल्यांदा?"

"कधीतरी सुरुवात करायला हवी."

"आणि आयव्हरच्या कार्डात नऊच."

"माझी एक अडकली," आयव्हर चटईवरून उठत म्हणाला. त्याला उठायला वेळ लागतो. "नळीतून निघेना."

हे अर्धे खरे होते. त्या संध्याकाळी त्याच्या रायफलीत काडतुसे अडकत होती आणि एक तर बेरिलनेच चाकूच्या टोकाने उपसून दिले होते. पण अडकलेल्या काडतुसाच्या बदली त्याने दुसरे घेतले होते, तेही तिनेच दिले होते. बेरिलने आधी आयव्हरकडे पाहिले, मग रोनाकडे, आणि नियमाप्रमाणे जास्तीच्या गोळीचे दोन गुण रोनाचे कापले. जूनचा चमचा त्यामुळे तिच्याऐवजी मला मिळाला. आमच्याकडे महिन्याच्या विजेत्याला चहाचा चमचा देतात. रोनाकडे असे इतके चमचे आहेत की लग्नकार्याला लोक तिच्याकडून मागून नेतात.

मग सगळे चहाच्या टेबलाशी गेलो. चीज-रोल गरम होते, ते संपवले.

शनिवारी सकाळी दोघे रायफल घेऊन गावात सेल्विनच्या बंदुकांच्या दुकानी गेले. पुढचे संभाषण सेल्विनने सांगितले तसे देत आहे.

रायफल रोनाच्या वडिलांची, बावीस बोअरची, एका वेळी एकच गोळी भरायची. क्लबाच्या हॉलमध्ये रोना तिथली वजनदार रायफल वापरते आणि आयव्हर ही. घरी डोंगरावर सशांसाठी दोघांनाही हीच. घरात एकच बंदूक ठेवायची, हे त्यांनी लग्नानंतर लगेच ठरवले होते आणि पाळले होते.

सेल्विनने बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, काढला, बारीक विजेरीने नळीच्या मागच्या तोंडात पाहिले आणि जीभ टाळ्याला लावून चुक् केले.

"काठ चेपलाय. म्हणून काडतूस आत जाताना घासतं आणि बाहेर येत नाही."

"सरळ करून दे," आयव्हर म्हणाला.

"तुझ्या सासऱ्याच्या वेळी एकदा केलाय सरळ, खूण दिसते. आता तिथे धातूच उरला नाही. हिला निवृत्त कर, आयव्हर. भिंतीवर लाव."

रोनाने मांडणीवरच्या नव्या रायफलींकडे पाहिले.

"मग सतरा बोअरची घेऊ," रोना म्हणाली.

"सतरा? ती सुई?"

"सुईच. वरच्या टप्प्यावरचे ससे आता शिकलेत. आपण गाडीतून उतरलो की सव्वाशे यार्डांवर जाऊन बसतात आणि मिश्या पुसतात. बावीसची गोळी तिथे पोचेपर्यंत वाकून नमस्कार करते. जर्दाळूची नवी झाडं बघितलीस? खोडाची साल गोल कुरतडून टाकलीय."

"सव्वाशेवरून मारायचं कशाला? जवळ जायचं. मी आयुष्यभर जवळ गेलो."

"तुझे गुडघे आता वाजतात. ते ऐकूनच पळतात ससे."

सेल्विनने मांडणीवरून दोन्ही नव्या रायफली उतरवून शेजारी ठेवल्या. दोन्ही त्याला विकायच्या होत्या, त्यामुळे तो निःपक्ष होता.

"सतरा दीडशे यार्डांपर्यंत जवळजवळ सरळ जाते," तो म्हणाला. "आवाजाच्या दुप्पट वेगाने. आणि खडकावर आपटली की तिथेच फुटते. बावीस खडकावरून उडी मारून शेजाऱ्याकडे जाते. बुधवारी कुठे गेली ते ऐकलंय मी."

"ती माझी होती," रोना म्हणाली.

"बरं, तुझी."

आयव्हर कानापर्यंत लाल झाला होता. "आणि वारा?" तो म्हणाला. "वायव्येचा सुटला की सतराची गोळी कुठे जाते ते सांग की. दाण्याएवढी ती, वाऱ्याची मोलकरीण. तो सांगेल तिकडे जाणार. आणि खायचं काय? सतराने मारलेल्या सशाचं उरतं काय? कान आणि पश्चात्ताप."

"ते खरं आहे," सेल्विनने कबूल केले. "पाईला उपयोग नाही, आत भरायला मांसच उरत नाही."

"आवाजही चाबकासारखा. बावीसला आवाज गिळणारा दबका लावला की कुत्रीसुद्धा झोपेतून उठत नाही. आणि हॉलमध्ये सतरा चालत नाही, पाटी फाडेल. म्हणजे मी बुधवारी काय करू? विणकाम?"

"विणकाम वाईट नसतं," रोना म्हणाली.

"मधली एक आहे," सेल्विन म्हणाला. "बावीस मॅग्नम."

"नको," दोघे एकदम म्हणाले.

"चला, एका गोष्टीवर तरी जमलं."

बाहेर पिकअपमध्ये फ्लॉस भुंकली. ती त्यांची मेंढ्यांची कुत्री, आता म्हातारी, गाडीत एकटी राहायला कुरकुरते. आयव्हर तिला बघायला गेला. दार लागताच सेल्विन काउंटरवर वाकला.

"रोना, हे असंच झालेलं नाही. कोणीतरी ही रिकामी चालवलीय. एकदोनदा नाही, शेकडो वेळा."

या काडतुसाची ठिणगी पाडणारी दारू त्याच्या बुडाच्या कडेत असते आणि घोडा मधोमध न पडता त्या कडेवर पडतो. आत काडतूस नसेल तर तो नळीच्या काठावरच आदळतो आणि काठ चेपतो. क्लबात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी सांगतात आणि सांगणारा आयव्हरच असतो. सराव करायचाच असेल तर उडालेले रिकामे टरफल घालावे आणि दर वेळी ते थोडे फिरवावे, म्हणजे घोडा नव्या जागी पडतो. त्याच खाचेत पुन्हापुन्हा पडला तर टरफल असून नसल्यासारखे.

"टरफल घातलं असेल त्याने," रोना म्हणाली.

"मग फिरवलं नाही."

"आयव्हर फिरवणार नाही असं होईल?"

"खाच कुठे आहे ते दिसलं नसेल तर होईल." सेल्विनने रायफल उलटी करून दस्ता तिच्यासमोर धरला. "आणि हे बघ. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा गाल या डाव्या बाजूला टेकतो. तिथली चकाकी तुझ्या बापाच्या वेळची आहे. पण ही उजवीकडची नवी आहे. कोणीतरी डाव्या खांद्यावरून शिकतंय."

आयव्हर फ्लॉसला घेऊन आत आला. सेल्विनने दोन्ही नव्या रायफलींना डॅलग्लिश नावाच्या चिठ्ठ्या बांधल्या आणि सावकाश ठरवा म्हणाला.

सावकाश ठरवण्यात एक अडचण होती. रोनाच्या बंदुकीच्या परवान्याला अजून अवकाश होता, पण आयव्हरचा नूतनीकरणाला आला होता आणि गुरुवारी तपासनीस घरी येणार होती. आमच्याकडे ही तपासणी दोन भागांत होते. आधी परवानेवाल्याशी बोलतात. मग त्याला बाहेर पाठवून त्याच्या बायकोशी किंवा नवऱ्याशी एकट्याने बोलतात: या माणसाच्या हाती बंदूक द्यावी का? मागच्या खेपेस रोनाने उत्तर दिले होते की बंदूक द्या, ट्रॅक्टर मात्र काढून घ्या. तपासनीस हसला होता आणि दहा वर्षांचा परवाना आला होता.

या वेळी तिला एक गोष्ट माहीत होती. मे महिन्यात वरच्या टप्प्यावर आयव्हरने थाईमच्या झुडपांत दोन कान पाहिले आणि रायफल खांद्याला लावली. रोना त्याच्या मागे उभी होती. "ती फ्लॉस आहे," ती म्हणाली. त्याने नळी लगेच खाली केली. "माहीत आहे," तो म्हणाला. पुढे काहीच झाले नाही. फ्लॉस शेपटी हलवत आली. पण ओळख पटल्याशिवाय नळी वर करायची नाही, हा परवान्याच्या अभ्यासातला पहिला धडा आहे, आणि तोही नव्या लोकांना आयव्हरच शिकवतो. रोनाने हे कोणाला सांगितले नव्हते.

रविवारी दुपारी तिने फ्रीझरमधल्या शेवटच्या सशाची पाई केली, कणकेच्या कवचात मांस भरून भाजलेली. वाढण्याआधी तिने आयव्हरच्या ताटलीशेजारी एक रिकामे टरफल ठेवले. ते तिला लोकरीच्या शेडमध्ये, त्याच्या जुन्या कोटाच्या खिशात सापडले होते. बुडाच्या कडेवर खाच एकच होती, पण आरपार गेलेली.

आयव्हरने ते उचलले, बोटाने चाचपले आणि खाली ठेवले.

"मला वाटत होतं मी फिरवतोय," तो म्हणाला.

"कुठला डोळा?"

"उजवा. दुधातून बघितल्यासारखं दिसतं."

"कधीपासून?"

"जर्दाळू फुलले होते तेव्हा थोडंसं. मग वाढलं. डॉक्टरकडे जाऊन आलो. मोतीबिंदू आहे, काढता येतो म्हणाला, तारीख कळवतील."

"मला कुठे जातोय म्हणून सांगून गेलास?"

"कुंपणाच्या तारा आणायला."

"तारा आणल्याही होत्यास."

"मग? खोटं नाही बोललो."

रोनाने पाई कापली. आयव्हरला तिने नेहमीप्रमाणे कडेचा, जास्त खरपूस तुकडा दिला.

"डाव्या खांद्याने जमवत होतो," तो म्हणाला. "अजून बसलं नाही. बुधवारी सगळ्यांसमोर डावीकडून कसं मारायचं, म्हणून उजव्यावर घेतली. मध्येच डाव्या डोळ्याने बघू लागलो आणि तुझं कार्ड माझ्या कार्डावर येऊन बसलं."

"नऊच्या रेषेला लागली होती. वाईट नव्हती."

"तुझा चमचा गेला."

"चमच्यांनी घर भरलंय."

तो थोडा वेळ खात राहिला. "सतरा घे," मग म्हणाला. "तू म्हणत होतीस ते बरोबर आहे. झाडं जातायत. तू सव्वाशेवरून मारशील. मी गाडी चालवीन."

"याच डोळ्याने?"

"गाडीबद्दल वेगळं भांडू."

"बावीसच घ्यायची," रोना म्हणाली.

आयव्हरने काटा खाली ठेवला. "काल तर सतरासाठी दुकान डोक्यावर घेतलंस."

"काल मला माहीत नव्हतं. बावीस घेऊन जवळ जावं लागतं. जवळ जायला दोघं असलो तर चालतं. मी बघीन ससा आहे का कोण आहे, आणि तू मार. सतरा घेऊन मी एकटीच तिकडे दूरवर बघत बसायचं? मी तिथे एकटी काय करू? मिश्या पुसू?"

"माझ्यासाठी म्हणून बावीस घेऊ नकोस."

"तू माझ्यासाठी म्हणून सतरा घेतोयस त्याचं काय?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

पाई संपेपर्यंत ते यावर भांडले. फक्त आदल्या दिवशीच्या जागा बदलून. ताटल्या उचलताना आयव्हर म्हणाला, "गुरुवारी काय सांगशील तिला?"

"विचारेल ते."

"फ्लॉसचं?"

नाव ऐकून फ्लॉस शेगडीजवळून उठून आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. रोनाने तिला पाईची कड दिली.

गुरुवारी तपासनीस आली. तिचे नाव अनाहेरा टिपेने. ती या भागात नवी आहे, पण तिचा मामा पलीकडच्या खोऱ्यात मेंढ्यांची लोकर कातरायचा, त्यामुळे पहिली दहा मिनिटे मामावर गेली. मग तिने बंदुकीचे कपाट पाहिले, किल्ली कुठे असते ते विचारले आणि स्वयंपाकघरात आयव्हरशी बोलत बसली. नंतर आयव्हर फ्लॉसला घेऊन बाहेर गेला आणि रोनाची पाळी आली. आत काय झाले ते रोनाने बेरिलला सांगितले आणि बेरिलने, रोनाच्या परवानगीने, मला.

अनाहेराने विचारले, काही काळजी वाटते का?

रोना म्हणाली, वाटते. मग तिने डोळ्याचे सांगितले. शेडमधल्या सरावाचे सांगितले. अकरावी गोळी आपली नव्हती हेही सांगितले. शेवटी चहा ओतला आणि थाईममधल्या दोन कानांचे सांगितले. चहा बशीत सांडला, तो तिने पुसला.

"तुम्हाला त्याची भीती वाटते का?" अनाहेराने विचारले.

"त्याची कसली भीती? त्याच्या डोळ्याची वाटते."

"परवाना थांबला तर तो काय करेल?"

"काही करणार नाही. शेडमध्ये जाऊन कोटाचे खिसे चाचपत बसेल."

अनाहेराने हे लिहून घेतले नाही. निर्णय आपल्या हातात नाही, ती म्हणाली. मी अहवाल पाठवते, वर ठरवतात, आणि डोळ्याच्या डॉक्टरांचे पत्र लागेल. पण एवढे सांगते की परवाना नसला तरी परवाना असलेले माणूस शेजारी असेल, हात पोचेल इतक्या अंतरावर आणि सारा वेळ लक्ष ठेवून, तर त्याला गोळी झाडता येते. कायद्यात तशी सोय आहे.

"हात पोचेल इतक्या अंतरावर," रोना म्हणाली.

"हो."

"एक्केचाळीस वर्षं तिथेच झोपते मी."

अनाहेरा हसली आणि दोन चीज-रोल घेऊन गेली.

आयव्हर आत आला तेव्हा रोना कप विसळत होती. तो टेबलाशी बसला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"फ्लॉसचंही?"

"तेही." तिने वळून पाहिले नाही. "तू मनात ठेवणार असलास तर ठेव."

"मीही सांगितलं," आयव्हर म्हणाला. "तुझ्या आधी. फ्लॉसचंच पहिलं सांगितलं. नाहीतर तुला एकटीला सांगावं लागलं असतं."

रोनाने नळ बंद केला. "मग तिने मला पुन्हा का विचारलं? मी इथे मेल्यासारखी झाले होते."

"जुळतंय का बघायला."

"तिच्या मामालाच सांगते मी."

"मामा वारला, रोना. तिनेच सांगितलं."

"तरी सांगते."

पुढच्या बुधवारी ते क्लबात आले. परवान्याची मुदत अजून संपलेली नाही, पण डोळा ठीक होईपर्यंत रोना हाताच्या अंतरावर नसेल तर रायफलीला हात लावायचा नाही, असे आयव्हरने स्वतःच बेरिलला सांगितले. त्याने टोकाची चटई घेतली, शेजारची रिकामी ठेवायला लावली आणि क्लबाची रायफल सगळ्यांसमोर डाव्या खांद्याला लावली. रोना त्याच्या बाजूला गुडघ्यांवर बसली. काडतूस ती हातात द्यायची, तो भरायचा. मधूनमधून ती काहीतरी पुटपुटत होती. मला एकदाच ऐकू आले: "श्वास सोड, मेल्या."

बेरिलने त्याचे कार्ड दिव्यासमोर धरले. दहा वर्तुळे, दहा भोके. गुण एकाहत्तर. गेल्या तीस वर्षांतला त्याचा सर्वांत कमी आकडा.

"व्यालं नाही," बेरिल म्हणाली.

"पोटुशी होतं," आयव्हर म्हणाला. "टळलं."

नंतर रोना आडवी झाली आणि तिने अठ्ठ्याण्णव मारले. जूनचा चमचा मी तिला देऊ केला, तो तिने घेतला नाही.

शनिवारी दोघे पुन्हा सेल्विनकडे होते. आयव्हर सतरासाठी भांडला आणि रोना बावीससाठी. सेल्विन सांगतो की आयव्हरने वायव्येच्या वाऱ्यात सतराची गोळी किती कमी सरकते यावर त्याला भाषण दिले आणि रोनाने खरपूस पाईवर. काही न घेता ते गेले. वरच्या टप्प्यावरची आणखी तीन झाडे त्या आठवड्यात सालीवाचून उभी राहिली. रोनाने उरलेल्यांच्या खोडांना जुन्या लोकरीच्या पोत्यांच्या पट्ट्या बांधल्या आहेत, आणि आयव्हर म्हणतो की त्या त्याला उजव्या डोळ्यानेही दिसतात.

काल, शुक्रवारी दुपारपर्यंत, परवान्याचे पत्र आलेले नव्हते. डोळ्याची तारीखही आलेली नव्हती. सेल्विनच्या मांडणीवर बावीस आणि सतरा शेजारी उभ्या होत्या आणि दोन्हींवर डॅलग्लिश नावाच्या चिठ्ठ्या होत्या.